अडलेल्या वाचकाचं काम: वेब फ्रेमवर्कचं डॉक्युमेंटेशन सुधारतं कसं

तारकर्लीच्या होमस्टेचं बुकिंग, देवगडच्या बागायतदाराच्या हापूस पेट्यांची नोंदणी, दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळा. कोकणात अशा छोट्या वेबसाइट बनवणारी मुलं आता ठिकठिकाणी भेटतात. कुणी रत्नागिरीत शिकतं, कुणी मुंबईची नोकरी कुडाळच्या घरात बसून करतं. त्यांतले बरेच जण पायथन भाषेतलं जँगो हे फ्रेमवर्क वापरतात, आणि नव्याने शिकणारे एका ठरावीक जागी हमखास अडतात. जुना व्हिडिओ समोर ठेवून कोड उतरवला की पायथन सांगतो, 'जँगो.कॉन्फ.यूआरएल्स'मधून 'यूआरएल' नावाचं काही आणता येत नाही. कोड तर अक्षरन् अक्षर तसाच लिहिलेला असतो.

यात मुलाची चूक नसते. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या जँगो २.० मध्ये वेबपत्ते लिहिण्याची 'पाथ' ही नवी पद्धत आली. ऑगस्ट २०२० च्या ३.१ मध्ये जुनं 'यूआरएल' फंक्शन लवकरच जाणार असल्याची सूचना आली, आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये ते खरोखर काढून टाकलं गेलं. हे सगळं अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे फ्रेमवर्क कसं वापरायचं ते सांगणाऱ्या लेखी पानांत, नोंदवलेलं आहे. पण ज्याचा कोड आत्ता बंद पडला आहे त्याला ती नोंद आत्ता सापडते का? घोडं पेंड खातं ते इथे. लिहिलेलं असणं आणि गरजेच्या वेळी सापडणं यांतलं अंतर कमी करत राहणं म्हणजे डॉक्युमेंटेशन सुधारणं. हे काम करायला फार मोठा प्रोग्रामर असावं लागतं, हा समज मला चुकीचा वाटतो. जो नुकताच अडून पुढे गेला आहे, त्याच्याइतकं हे काम दुसऱ्या कुणाला चांगलं जमत नाही.

आधी थोडी ओळख. जांभ्याच्या घराचा पाया, खांब आणि छप्पर तयार मिळावं आणि खोल्या तेवढ्या आपण आपल्या गरजेप्रमाणे पाडाव्यात, तसं वेब फ्रेमवर्कचं असतं. लॉगिन, डेटाबेसशी बोलणं, फॉर्म तपासणं, पानं दाखवणं ही प्रत्येक वेबसाइटला लागणारी कामं त्यात आधीच लिहिलेली असतात. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते तिथल्या बातम्यांच्या वेबसाइटसाठी लिहायला घेतलं आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. ओपन सोर्स म्हणजे कोड कुणीही वाचावा, वापरावा आणि सुधारणा सुचवावी. डॉक्युमेंटेशनलाही हेच लागू आहे, ही गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. जँगोचं डॉक्युमेंटेशन कोडच्याच भांडारात 'डॉक्स' नावाच्या फोल्डरमध्ये असतं. साध्या मजकुराच्या फायली असतात, त्यांना 'रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट' पद्धतीच्या थोड्या खुणा असतात आणि 'स्फिंक्स' नावाचं साधन त्यांची वेबपानं बनवतं. त्यातलं कुठलंही वाक्य बदलण्याचा प्रस्ताव मालवणात बसलेला माणूस देऊ शकतो.

गरज किती आहे, ते गिटहब या कोड ठेवण्याच्या आणि वाटण्याच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये केलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात दिसलं. ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन ही नेहमीची अडचण असल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक डॉक्युमेंटेशनसाठी क्वचितच काही करतात किंवा अजिबात करत नाहीत, असंही निघालं. त्रास सगळ्यांना, पण हात लावणारे थोडे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चांगलं डॉक्युमेंटेशन म्हणजे पुष्कळ माहिती, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकाच विषयावर वाचकाला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काही हवं असतं. जँगोने म्हणूनच आपलं डॉक्युमेंटेशन चार प्रकारांत विभागलं आहे: शिकवणारे धडे म्हणजे ट्युटोरियल, विषय समजावणाऱ्या मार्गदर्शिका, 'अमुक कसं करायचं' सांगणारी पानं, आणि तपशिलाचा संदर्भ. याच धर्तीची विभागणी डॅनिएले प्रोचिदा यांनी पुढे 'डायटॅक्सिस' नावाने मांडली आणि ती जँगोबाहेरही बरीच रुजली. चार नावं पाठ करून मात्र हाती काही लागत नाही. एक खरा प्रश्न घेऊन पाहू.

समजा, देवगडच्या बागायतदारासाठी पेट्या नोंदवायची वेबसाइट बनवली. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने १५ एप्रिलला पहाटे सव्वापाचला ऑर्डर टाकली. सकाळी बागायतदाराने यादी उघडली तर त्या ऑर्डरसमोर १४ एप्रिल, रात्री पावणेबारा असं दिसतं. जँगोचा नवा प्रकल्प सुरू केला की वेळेची सेटिंग 'यूटीसी' म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. परिणामी रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान आलेली प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवसात जाऊन बसते. रोजच्या यादीवरून गाडीत किती पेट्या चढवायच्या ते ठरत असेल, तर हा घोळ पैशांचा आहे.

नवशिक्या मुलीला याचं उत्तर धड्यातच मिळायला हवं, आणि तिथे ते आहे. जँगोच्या मतदान ॲपच्या धड्याच्या दुसऱ्या भागात एक वाक्य आहे: सेटिंगची फाइल उघडलीच आहे तर 'टाइम झोन' आपल्या जागेचा करून घ्या. धड्याचं काम एवढंच. हात धरून पुढे नेणं आणि वाटेत लांबलचक कारणं न सांगणं. पण ते वाक्य डेटाबेसच्या माहितीच्या गर्दीत येतं आणि वाचणारी घाईत असते. ते सुटलं तर पुढच्या पायरीवर कुठेच काही अडत नाही. महिन्याभराने, खऱ्या ऑर्डरी येऊ लागल्यावर गडबड दिसते.

तोपर्यंत तिला काम येऊ लागलेलं असतं. तिला आता धडा नको असतो, नेमकं काय बदलू ते हवं असतं. 'एशिया/कोलकाता' असं लिही, सर्व्हर पुन्हा सुरू कर, एवढंच. त्याच दिवशी तिच्या सहकाऱ्याला वेगळीच शंका असते: ही सेटिंग नेमकी कोणकोणते मजकूर स्वीकारते, आणि काहीच लिहिलं नाही तर काय होतं? ते संदर्भपानावर मिळतं. तिथे वाचलं तर कळतं की सेटिंग लिहिलीच नाही, तर जँगो आपला टाइम झोन 'अमेरिका/शिकागो' धरतो. लॉरेन्सचं घड्याळही शिकागोच्याच वेळेवर चालतं. कॅन्ससच्या वृत्तपत्रातला जन्म असा सेटिंगच्या मूळ किमतीत आजही टिकून आहे.

चौथी गरज समजून घेण्याची. वेबसाइट देवगडची, गिऱ्हाईक मुंबईचं, सगळ्या भारतात वेळ एकच. मग जँगो डेटाबेसमध्ये प्रत्येक वेळ यूटीसीत का साठवतो आणि दाखवताना का बदलतो? याचं उत्तर टाइम झोनच्या विषय-मार्गदर्शिकेत आहे. 'मला एकच टाइम झोन लागतो, तरी ही सोय चालू ठेवू का?' असा प्रश्नच तिथे घेतला आहे आणि उत्तर 'हो' असं आहे. पण कारण देताना भर आहे तो उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीवर. वर्षातून दोनदा घड्याळ सरकतं तेव्हा एक तास दोनदा येतो किंवा येतच नाही, आणि त्यातून पकडायला कठीण चुका होतात. ते बरोबरच आहे. भारतात मात्र घड्याळं सरकवत नाहीत, त्यामुळे आपला वाचक ते वाचून म्हणतो, हे माझ्यासाठी नाही. सर्व्हर परदेशात असू शकतो, उद्या दुबईतल्या गिऱ्हाइकाला तिकडची वेळ दाखवायची वेळ येऊ शकते, दुसऱ्या कंपनीच्या पेमेंट सेवेकडून येणारी वेळ यूटीसीत असू शकते. ही कारणं आपल्याला लागू आहेत. तिथे एखादं वाक्य वाढवलं तर भारतातल्याच काय, घड्याळ न सरकवणाऱ्या कुठल्याही देशातल्या वाचकाला त्याचा उपयोग होईल. असं वाक्य सुचायला इथे राहिलेलं असावं लागतं.

चार प्रकारांची सरमिसळ झाली की पान बिघडतं. धड्यात संदर्भाची यादी घुसली की नवशिका घाबरतो, संदर्भपानात गोष्ट सांगू लागलो की घाईतला माणूस वैतागतो. कुठल्याही पानावर सुधारणा सुचवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: या पानावर येणारा माणूस आत्ता काय करत असेल? निम्म्या सुधारणांची दिशा तिथेच ठरते.

मराठीत वेबसाइट बनवणाऱ्याला जाणवणारी आणखी एक उणीव आहे, आणि मला ती या सगळ्यात महत्त्वाची वाटते. जँगोमध्ये 'स्लगिफाय' नावाचं फंक्शन आहे. लेखाच्या किंवा वस्तूच्या नावावरून ते वेबपत्त्यात घालण्याजोगा छोटा मजकूर तयार करतं: जागा जाऊन मधे आडवी रेघ येते, विरामचिन्हं निघून जातात. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते फक्त इंग्रजी अक्षरं ठेवतं, म्हणून 'मालवण' दिलं तर हाती रिकामा मजकूर येतो. इतपत समजण्यासारखं आहे. इतर लिप्यांसाठी 'अलाउ युनिकोड' नावाचा पर्याय आहे आणि संदर्भपानात त्याचं उदाहरण चिनी अक्षरांचं दिलं आहे. चिनी अक्षरं जशीच्या तशी राहतात. ते पाहून आपण निश्चिंत होतो आणि पर्याय चालू करतो.

मग 'मालवण'चं 'मलवण' होतं. 'देवगड'चं 'दवगड'. 'रत्नागिरी'चं 'रतनगर', आणि वेंगुर्ल्याचं तर 'वगरल'.

असं का होतं? फंक्शन अक्षर, अंक, अधोरेखा, रेघ आणि मोकळी जागा एवढंच ठेवतं, बाकी काढून टाकतं. युनिकोडच्या वर्गीकरणात 'म' आणि 'ल' ही अक्षरं आहेत, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची हलन्त खूण ही 'जोडचिन्हं' म्हणून वेगळी धरली जातात. पायथनचं नेहमीचं मजकूर शोधणारं यंत्र अशा जोडचिन्हांना अक्षरांत धरत नाही. चिनीत अशी चिन्हं लागत नाहीत, म्हणून ते उदाहरण सुरळीत चालतं. हिंदी, कन्नड, तमिळ यांचीही हीच गत होते. डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य काटेकोरपणे वाचलं तर खरं आहे, अक्षर-अंक नसलेलं सगळं काढलं जातं असंच तिथे म्हटलं आहे. फक्त वेलांटी अक्षरात धरली जात नाही, हे मराठी वाचकाला स्वप्नातही वाटणार नाही.

यात धोका साध्या विचित्र दिसण्याच्या पुढचा आहे. दोन वेगळ्या नावांमधले कानामात्रा गळले की ती एकसारखी होऊ शकतात. 'वाडा' आणि 'वाडी' या दोन्हींचं 'वड' होतं. एकमेव असायला हवा असा वेबपत्ता दोन गोष्टींना मिळतो, आणि दुसरी नोंद करताना चूक येते.

मग थेट कोडच का बदलू नये? कारण जगभरातल्या असंख्य चालू वेबसाइटचे पत्ते याच फंक्शनमधून बनले आहेत. उद्या त्याचं वागणं बदललं तर जुने दुवे तुटतील. त्यासाठी दीर्घ चर्चा लागते. पण संदर्भपानात दोन ओळींची सूचना आणि एक देवनागरी उदाहरण दिल्याने कुणाचं काही मोडत नाही: जोडचिन्हं वापरणाऱ्या लिप्यांमध्ये ती चिन्हं गळतात, अशा वेळी पत्त्यासाठी रोमन लिपीतलं नाव वेगळ्या रकान्यात घ्या किंवा नोंदीचा क्रमांक वापरा. एवढं लिहिलेलं असलं की कुणाचीतरी अख्खी दुपार वाचते. ज्यांनी फ्रेमवर्क लिहिलं ते हुशार आहेत, प्रामाणिकही आहेत, पण त्यांनी 'रत्नागिरी' टाइप करून पाहिलेलं नाही. ते आपण पाहतो, रोज पाहतो.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते. एखादा टायपो किंवा तुटलेला दुवा असेल तर जँगोमध्ये तिकीट, म्हणजे अडचणीची रीतसर नोंद, काढावं लागत नाही. गिटहबवर ती फाइल उघडायची, पेन्सिलच्या खुणेवर टिचकी मारायची, बदल करायचा आणि 'पुल रिक्वेस्ट', म्हणजे तो बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवायची. सगळं ब्राउझरमध्येच होतं. अख्खं भांडार डाउनलोड करावं लागत नाही, ही आपल्याकडच्या नेटवर्कवर लहान गोष्ट नाही. वरच्यासारखी आशयाची भर घालायची असेल तर आधी प्रकल्पाच्या तिकिटांच्या यादीत शोध घ्यावा. 'डॉक्युमेंटेशन' असा वेगळा विभाग तिथे आहे. अनेकदा त्याच विषयावर कुणीतरी आधी बोललेलं असतं आणि त्या चर्चेत नकाराचं कारणही असतं. ते वाचल्याशिवाय नवं तिकीट काढू नये.

तिकिटात काय लिहायचं, यावर बरंच काही अवलंबून असतं. 'हे पान गोंधळात टाकतं' असं लिहून कुणाला काही करता येत नाही. मी हे करायला निघालो होतो, हे पान वाचलं, त्यावरून मला असं वाटलं, प्रत्यक्षात असं झालं, आणि हे वाक्य इथे असतं तर मी अडलो नसतो: या क्रमाने लिहिलं की तपासणाऱ्याचं काम अर्धं होतं. जँगोची आवृत्ती लिहायला विसरू नये. आणि हे सगळं अडल्याच्या दिवशीच टिपून ठेवावं. आठवड्याभराने उत्तर अंगवळणी पडतं आणि आपण नेमके कशाने गोंधळलो होतो ते आठवेनासं होतं. जाणकार माणसाला आपल्याच पानातली खोच दिसत नाही ती याच कारणाने.

मोठा बदल असेल तर भांडार आपल्या संगणकावर घेऊन, स्फिंक्स बसवून पानं स्वतः बनवून पाहावीत. शुद्धलेखन तपासण्याची आज्ञाही आहे. 'स्पेलिंग' असंच तिचं नाव. पाठवलेला बदल स्वयंसेवक पाहतात, तसंच जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन मानधन देऊन ज्यांना नेमतं ते 'फेलो' पाहतात. ते शंका विचारतील, वाक्य छोटं करायला सांगतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नये, कारण मोठ्या नावाजलेल्या प्रोग्रामरचीही वाक्यं तिथे अशीच छाटली जातात. मान्य झालेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जाते आणि बऱ्याचदा सध्याच्या स्थिर आवृत्तीच्या पानांतही घेतली जाते, म्हणजे तिचा फायदा व्हायला महिनोन्महिने थांबावं लागत नाही.

लिहिण्याच्या शैलीबद्दलचा जँगोचा एक नियम मला फार आवडतो. काम सोपं असल्याचं भासवणारे शब्द टाळा, असं त्यांच्या लेखन-मार्गदर्शिकेत सांगितलं आहे: 'सहज', 'फक्त', 'नुसतं', 'सरळ आहे' या अर्थाचे इंग्रजी शब्द नकोत. जो अडला आहे त्याला 'हे तर सोपं आहे' म्हटलं की तो स्वतःला कमी समजू लागतो आणि प्रश्न विचारायचा थांबतो. वर्गात शिकवणाऱ्या, व्हिडिओ बनवणाऱ्या प्रत्येकाने हा नियम घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीची भीती हा आपल्याकडचा मोठा अडसर. 'माझं इंग्रजी कच्चं आहे, मी काय त्यांचं सुधारणार?' असं मुलं म्हणतात. त्याच २०१७ च्या सर्वेक्षणात ओपन सोर्समधल्या जवळपास पाव लोकांनी आपलं इंग्रजी 'फार चांगलं' नसल्याचं सांगितलं होतं. म्हणजे वाचकांतही तसे खूप आहेत, आणि ज्याला लांब वाक्य वाचताना धाप लागते त्यालाच ते कुठे तोडायचं ते बरोबर कळतं. व्याकरणाची चूक तपासणारे दुरुस्त करतात. वाचक कुठे अडतो ते मात्र तुम्हीच सांगायचं.

मग सगळं डॉक्युमेंटेशन मराठीत का आणू नये? इच्छा मलाही आहे. पण ते प्रचंड आहे आणि साधारण दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते. भाषांतर सुरू करून मागे पडलं तर वाचकाच्या हाती पुन्हा तेच, काढून टाकलेलं 'यूआरएल' पडेल. आज हात थोडे आहेत, तोवर मूळ पानांत आपल्या अडचणींना जागा मिळवून देणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. जँगोचं डॉक्युमेंटेशन एचटीएमएल, पीडीएफ आणि ईपब स्वरूपात उतरवून घेता येतं. लॅपटॉपवर एक प्रत ठेवावी. आपण जी आवृत्ती वापरतो तिचीच असल्याची खात्री मात्र करून घ्यावी.

ज्याला मराठीतच काम करायचं आहे, त्याच्यासाठी एक आटोपशीर जागा आहे. जँगोच्या पडद्यावर दिसणारे मजकूर, म्हणजे 'हा रकाना भरणं आवश्यक आहे' अशा सूचना किंवा ॲडमिन पानावरची बटणं, अनेक भाषांत असतात आणि त्या यादीत मराठीही आहे. भाषेची सेटिंग 'एमआर' केली की बागायतदारासमोर ते मराठीत येतात. ही भाषांतरं पुल रिक्वेस्टने स्वीकारली जात नाहीत, 'ट्रान्सिफेक्स' या संकेतस्थळावर केली जातात. तिथे खातं उघडून मराठीच्या गटात येण्याची विनंती पाठवावी लागते. भाषांतर करताना ते वाक्य पडद्यावर कुठे येतं ते स्वतःची साइट चालवून आधी पाहावं, कारण बटणावरचं 'सेव्ह' आणि सूचनेतलं 'सेव्ह' यांना मराठीत वेगवेगळी क्रियापदं लागू शकतात.